गरोदर माता आणि नवजात बाळांसाठी महाराष्ट्रातील शासकीय आरोग्य योजना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरोदर स्त्रिया, त्यांच्या घरची माणसे आणि गावोगावच्या आशा कार्यकर्त्या जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेक गोंधळाचे मूळ एकच असते. शासनाकडून मिळणाऱ्या गोष्टी दोन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार सेवेचा. ती सरकारी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला आणि बाळाला मिळते. दुसरा प्रकार रोख रकमेचा; ती अटींत बसणाऱ्यांनाच मिळते. रोख रकमेसाठी पात्र नसलेली स्त्री मोफत उपचारालाही पात्र नाही, असा समज करून घेऊन अनेक जण दवाखान्याची पायरीच चढत नाहीत, आणि हे नुकसान हुकलेल्या रकमेपेक्षा कितीतरी मोठे असते.

१. गरोदर असल्याची नोंद कधी आणि कुठे करायची?

पाळी चुकल्याचे लक्षात आल्यावर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत पहिल्या १२ आठवड्यांच्या आत नोंद करावी. गावात आशा किंवा उपकेंद्रातील आरोग्य सेविका, आणि शहरात महापालिकेचे वा नगरपालिकेचे आरोग्य केंद्र ही नोंद करते. नोंदीनंतर माता व बाल संरक्षण कार्ड मिळते आणि संगणकीय नोंदीचा एक क्रमांक दिला जातो. पुढच्या सगळ्या तपासण्या, लसी, बाळाचे वजन आणि बहुतेक योजनांचे अर्ज या कार्डाच्या आधारे चालतात. शेवटच्या पाळीची तारीख कार्डावर बरोबर लिहिली आहे ना, हे तिथल्या तिथे पाहून घ्यावे. ती चुकली, तर बाळंतपणाची संभाव्य तारीख चुकते आणि पुढे काही रोख योजनांची मुदतही चुकीची मोजली जाते.

२. किती वेळा तपासणीला जावे लागते आणि त्यात काय तपासतात?

नोंदणीची तपासणी धरून किमान चार वेळा जावे : पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६ आठवड्यांत, तिसरी २८ ते ३४ आठवड्यांत आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतील प्रथिने व साखर, रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ ब आणि गरोदरपणातील मधुमेह या तपासण्या त्यात होतात. मधुमेहाच्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. साखर १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त आली, तर उपचार सुरू करावे लागतात. ते दोन तास बाकावर बसून काढणे कंटाळवाणे असते, म्हणून अनेक जणी मध्येच उठून जातात. तसे करू नये.

धनुर्वात आणि घटसर्प यांच्याविरुद्धच्या टीडी लसीचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने दिले जातात. आधीच्या गरोदरपणात दोन्ही डोस झाले असतील आणि त्याला तीन वर्षे उलटली नसतील, तर एकच बूस्टर पुरतो.

३. दर महिन्याच्या ९ तारखेलाच या, असे का सांगतात? कार्डावर लाल स्टिकर लावले, याचा अर्थ काय?

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झाले. त्यानुसार दर महिन्याच्या ९ तारखेला ठरलेल्या सरकारी संस्थांमध्ये चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची तपासणी डॉक्टर स्वतः करतात. त्या दिवशी सुट्टी असेल, तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी ती होते. इतर दिवशी आरोग्य सेविकेकडून होणारी तपासणी बंद होत नाही. ९ तारखेची तपासणी त्याशिवायची असते.

तपासणीनंतर कार्डावर रंगीत स्टिकर लावतात. हिरवे म्हणजे धोका आढळला नाही, लाल म्हणजे अतिजोखमीची माता, निळे म्हणजे गरोदरपणात वाढलेला रक्तदाब, आणि पिवळे म्हणजे मधुमेह, थायरॉइड यांसारखा सोबतचा आजार. लाल स्टिकर दिसले की घरात रडारड होते, आणि काही घरांत तर सुनेला ‘दोष’ असल्याची कुजबुज सुरू होते. त्या स्टिकरचा उपयोग वेगळाच आहे. मध्यरात्री कळा सुरू होऊन अनोळखी दवाखान्यात जावे लागले, तरी ड्युटीवरच्या परिचारिकेला कार्ड उघडताक्षणी कळते की या बाईला वाट पाहायला लावायची नाही आणि शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच तिचे बाळंतपण व्हायला हवे. स्टिकर काढून टाकू नये आणि कार्ड घरात कुलूपबंद ठेवू नये.

४. लोहाच्या गोळ्यांनी मळमळते आणि शौच काळे होते. गोळ्या बंद केल्या तर चालेल का?

बंद करू नयेत. शौचाचा रंग काळा होणे निरुपद्रवी आहे. मळमळ होत असेल, तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. पहिले तीन महिने झाल्यावर रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस या गोळ्या घ्यायच्या असतात. कॅल्शियमच्या गोळ्या १४ आठवड्यांपासून दिवसातून दोनदा असतात. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही, म्हणून दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. चहाबरोबर लोहाची गोळी घेणे म्हणजे ती निम्मी वाया घालवणे होय.

हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात आणि ७ पेक्षा कमी असल्यास तो तीव्र असतो. मग गोळ्यांवर भागत नाही, शिरेतून लोह किंवा रक्त द्यावे लागते. विदर्भातील आणि आदिवासी पट्ट्यातील स्त्रियांनी सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हे आवर्जून विचारावे, कारण त्या आजारात रक्तक्षयाचे उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळे ठरवावे लागतात.

५. सरकारी रुग्णालयात बाळंतपण खरोखर पूर्ण मोफत असते का?

होय. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून लागू आहे, आणि त्यात उत्पन्नाची, जातीची, शिधापत्रिकेच्या रंगाची किंवा अपत्यसंख्येची कोणतीही अट नाही. नैसर्गिक बाळंतपण असो वा सिझेरियन, औषधे, साहित्य, रक्त-लघवीच्या तपासण्या, सोनोग्राफी, गरजेनुसार रक्त, तसेच नैसर्गिक बाळंतपणानंतर ३ दिवस आणि सिझेरियननंतर ७ दिवस जेवण मोफत मिळायला हवे. घरून दवाखान्यात आणणे, गरज पडल्यास वरच्या रुग्णालयात नेणे आणि डिस्चार्जनंतर घरी सोडणे हेही त्यात येते. आजारी नवजात बाळाचे उपचार आधी ३० दिवसांपर्यंत मोफत होते. नंतर ही मर्यादा एक वर्षापर्यंत वाढवली गेली.

व्यवहारात खटका उडतो तो ‘बाहेरून आणा’ या चिठ्ठीवर. माझ्या बहिणीच्या सिझेरियनच्या वेळी टाके घालण्याचा धागा आणि दोन इंजेक्शने लिहिलेली चिठ्ठी मेहुण्यांच्या हातात ठेवली गेली. ते समोरच्या दुकानाकडे निघालेच होते. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईची आशा म्हणाली, “दादा, आधी इन्चार्ज सिस्टरना दाखवा.” अर्ध्या तासात ते सगळे आतल्या भांडारातूनच आले. प्रत्येक वेळी असे घडेलच, अशी खात्री देता येत नाही. पण चिठ्ठी घेऊन थेट दुकानात जाण्याआधी ती वॉर्डातील प्रमुख परिचारिकेला किंवा वैद्यकीय अधीक्षकांना दाखवावी. वेळ नसेल आणि खरेदी करावीच लागली, तर चिठ्ठी आणि बिल दोन्ही जपून ठेवावे. त्याचा उपयोग प्रश्न १५ मध्ये सांगितला आहे.

६. जननी सुरक्षा योजनेत किती पैसे मिळतात आणि कोणाला?

ही योजना एप्रिल २००५ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात ती दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती व जमातींतील स्त्रियांसाठी आहे. संस्थेत बाळंतपण झाल्यास ग्रामीण भागात ७०० रुपये आणि शहरी भागात ६०० रुपये मिळतात. शेजारच्या मध्य प्रदेशातील नातेवाइकांना १४०० रुपये मिळाले, मग आम्हाला निम्मेच का, अशी तक्रार सीमेवरच्या गावांतून येते. संस्थेतील बाळंतपणांचे प्रमाण कमी असलेल्या राज्यांसाठी रक्कम जास्त ठेवली आहे आणि महाराष्ट्र त्या गटात नाही, हे त्याचे कारण.

वयाची आणि अपत्यसंख्येची अट २०१३ मध्ये काढली गेली, त्यामुळे तिसरे बाळंतपण असले तरी पात्र स्त्रीला ही रक्कम मिळते. सिझेरियनसाठी १५०० रुपये मिळतात, असेही सर्रास सांगितले जाते. ती तरतूद सरकारी संस्थेत तज्ज्ञ नसताना बाहेरचा तज्ज्ञ बोलावण्याच्या खर्चासाठी आहे. सिझेरियन झालेल्या प्रत्येक स्त्रीला मिळणारे बक्षीस म्हणून ती ठेवलेली नाही.

७. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५००० रुपये कसे मिळतात?

पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. गरोदरपणाची नोंद आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाल्यावर ३००० रुपये, तर बाळाच्या जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर २००० रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६००० रुपये एकाच हप्त्यात दिले जातात.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा कमी असणे, अन्नसुरक्षेची शिधापत्रिका, मनरेगाचे जॉब कार्ड, ई-श्रम कार्ड, किसान सन्मान निधीचा लाभ, आयुष्मान भारतचे कार्ड, अनुसूचित जाती वा जमात, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व यांपैकी कोणताही एक निकष पुरतो. सगळे कागद जमवण्याच्या खटाटोपात महिने घालवू नयेत. केंद्र किंवा राज्य शासनाच्या तसेच सार्वजनिक उपक्रमांच्या नियमित नोकरीत असलेल्या स्त्रियांना ही योजना लागू नाही. अर्ज आशा किंवा अंगणवाडी सेविकेमार्फत अथवा योजनेच्या पोर्टलवर स्वतः भरता येतो. पहिल्या अपत्यासाठी शेवटच्या पाळीपासून ५७० दिवस आणि दुसऱ्या मुलीसाठी जन्मापासून २७० दिवस ही मुदत आहे.

प्रश्न ६ मधील रक्कम मिळाली म्हणून ही नाकारली जात नाही. पात्र असल्यास दोन्ही घेता येतात.

८. आधारवर माहेरचे नाव आहे आणि बँक खाते नवऱ्याचे आहे. पैसे येतील का?

नवऱ्याच्या खात्यात येणार नाहीत. मातृवंदना योजनेची रक्कम स्त्रीच्या आधारशी जोडलेल्या तिच्याच खात्यात जाते. सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे आधारवर जे नाव आहे त्याच नावाने खाते उघडणे. लग्नानंतरचे नाव आधारवर घ्यायचे असेल, तर ते काम नंतर निवांत करावे. नवऱ्याचे आधार आता सक्तीचे नाही, त्यामुळे एकट्या, परित्यक्ता किंवा विधवा स्त्रियांनाही अर्ज करता येतो. जुन्या खात्याला आधार जोडलेले असते आणि पैसे तिकडेच जाऊन पडतात, असेही होते. हप्ता ‘जमा’ दाखवतो पण पासबुकात दिसत नाही, अशा वेळी आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे, हे आधी तपासावे. योजनेची मदतवाहिनी १४४०८ आहे.

९. नोंद सासरी झाली, पण बाळंतपणासाठी माहेरी जायचे आहे. योजना सुटतात का?

सुटत नाहीत, पण सगळ्यांत जास्त खाडे याच टप्प्यावर होतात. सातव्या-आठव्या महिन्यात लेक माहेरी जाते, सासरची आशा ‘गेली’ म्हणून यादी बाजूला ठेवते आणि माहेरच्या आशेला ती आल्याचे कळतच नाही. ज्या काळात रक्तदाब अचानक वाढण्याची भीती जास्त असते, नेमक्या त्याच काळात ती कोणाच्याच यादीत नसते. निघण्यापूर्वी सासरच्या आशेला माहेरचे गाव सांगावे, आणि पोहोचल्यावर त्याच आठवड्यात माहेरच्या उपकेंद्रात कार्ड दाखवावे. नवीन कार्ड काढू नये. दोन नोंदी झाल्या, तर एका नोंदीवर तपासण्या आणि दुसरीवर बाळंतपण असे होऊन हप्ता अडकतो. ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनाही हेच लागू आहे.

मोफत सेवा कोणत्याही सरकारी संस्थेत मिळते. जन्माची नोंद मात्र जिथे जन्म झाला तिथेच, २१ दिवसांच्या आत होते. सासरच्या ग्रामपंचायतीत होत नाही.

१०. १०२ ला फोन करायचा की १०८ ला?

१०२ ची गाडी गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि अर्भकांसाठी आहे. दवाखान्यात नेण्यासाठी आणि डिस्चार्जनंतर घरी सोडण्यासाठी ती मागवावी. १०८ ही तातडीच्या वैद्यकीय प्रसंगासाठी आहे. महाराष्ट्रात ती २०१४ पासून चालते आणि तिच्यात डॉक्टर असतात. अंगावरून रक्त जाणे, झटके येणे, डोळ्यांपुढे अंधारी येऊन डोके असह्य दुखणे, पाणी फुटून बराच वेळ होणे, बाळाची हालचाल मंदावणे किंवा थांबणे, यांपैकी काही असल्यास थेट १०८ लावावा. दोन्ही क्रमांक आणि गावातील एका खासगी गाडीवाल्याचा क्रमांक आठव्या महिन्यातच भिंतीवर लिहून ठेवावा, असे मी सुचवीन. गाडी रस्त्यावरून घर शोधत फिरू नये म्हणून वळणावर एक माणूस उभा करावा.

११. बाळ-बाळंतीण ठणठणीत असताना ४८ तास का थांबवून ठेवतात?

बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव बहुधा पहिल्या २४ तासांत होतो, आणि झटके येण्याची भीतीही या काळात टळलेली नसते. बाळाचे दूध पिणे, शी-शू, अंगाचे तापमान आणि लवकर दिसू लागलेली कावीळही याच वेळात कळते. बाळाला क जीवनसत्त्वाचे नव्हे, तर के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले जाते, कारण त्याने नवजात बाळातील रक्तस्राव टळतो. डिस्चार्जच्या कागदावर अनेक जण ते चुकीचे वाचतात. कावीळ ब ची लस पहिल्या २४ तासांत, तर बीसीजी आणि पोलिओचा शून्य डोस जन्मानंतर दवाखान्यातच दिला जातो. त्यांच्या तारखा कार्डावर लिहून घेतल्याशिवाय निघू नये.

१२. आशा ताई सारखी घरी येऊन बाळ उघडे करून पाहते. हे गरजेचे आहे का?

संस्थेत जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, म्हणजे सहा भेटी ठरलेल्या आहेत. घरी जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवसाची भेट धरून सात. ती झोळीच्या काट्यावर वजन करते, काखेत थर्मामीटर लावते, आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट बाळाचे श्वास मोजते. ते ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा मोजते. छाती आत ओढली जाणे, दूध ओढणे बंद होणे, अंग गार किंवा तापलेले असणे, तळहात-तळपाय पिवळे दिसणे, झटके, बाळ मलूल पडणे, यांपैकी काहीही आढळले की लगेच दवाखाना गाठायचा असतो. श्वास मोजायचे तर छाती दिसायला हवी, म्हणून काही क्षण दुपटे बाजूला करावे लागते.

या पद्धतीची मुळे महाराष्ट्रातच आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. देशभर ही गृहभेटींची योजना २०११ मध्ये आली.

१३. बाळाला ‘काचेत’ ठेवले आहे. आईला आत जाऊ देतील का, आणि खर्च किती येईल?

जिल्हा आणि स्त्री रुग्णालयांतील विशेष नवजात काळजी कक्षात, म्हणजे एसएनसीयूत, १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची, ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेली किंवा गंभीर आजारी बाळे ठेवतात. उपचार मोफत असतात, आणि बाळ खासगी रुग्णालयात किंवा घरी जन्मलेले असले तरीही त्याला तेथे दाखल करतात. बाळ स्थिर झाले की आईने त्याला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून तासन्‌तास धरायचे असते. याला कांगारू मातृसेवा म्हणतात. ती वडील किंवा आजीही देऊ शकतात. यंत्राइतकीच ती बाळाला ऊब देते आणि दूधही वाढवते. ‘ओली बाळंतीण आहे, तिला घरी नेऊन शेक-शेगडी करू’ म्हणून आईला हलवणे हे अशा बाळासाठी सगळ्यांत वाईट होय.

१४. आदिवासी भागासाठी वेगळे काही आहे का?

आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत डिसेंबर २०१५ पासून आदिवासी क्षेत्रातील गरोदर स्त्रियांना शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत रोज एक वेळचे पूर्ण ताजे जेवण मिळते. ते तिथेच बसून खायचे असते. डबा घरी नेला, तर तो सगळ्या घरात वाटला जातो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पावसाळ्यात नाल्यांपलीकडे अडकणाऱ्या पाड्यांसाठी काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ बांधलेले आहे. तारखेच्या काही दिवस आधीच तेथे सोबतच्या नातेवाइकासह राहायला येता येते.

१५. घरीच बाळंतपण झाले, किंवा खासगीत झाले, किंवा पैसे मागितले गेले, तर?

घरी झाल्यास दारिद्र्यरेषेखालील स्त्रीला जननी सुरक्षा योजनेतून ५०० रुपये मिळतात. पण त्याआधी त्याच दिवशी आशेला कळवावे आणि वार पूर्ण पडली आहे का, हे तपासून घ्यावे. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत करावी. खासगी रुग्णालयात झाल्यास मातृवंदना योजना लागू राहते, कारण तिच्यात बाळंतपणाच्या ठिकाणाची अट नाही. प्रश्न ५ मधील मोफत सेवा मात्र सरकारी संस्थेपुरत्या आहेत. सरकारी संस्थेत पैसे मागितले गेले किंवा बाहेरून खरेदी करायला लावले, तर चिठ्ठी, बिल, तारीख आणि वेळ यांसह वैद्यकीय अधीक्षकांकडे, आणि तेथे दाद न लागल्यास जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी. पोच घ्यावी. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही.

१६. जुळी झाली, गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मले, तर मातृवंदनेचे काय?

दुसऱ्या बाळंतपणात जुळी झाली आणि त्यांत एक जरी मुलगी असली, तर दुसऱ्या मुलीचा लाभ मिळतो. गर्भपात किंवा मृतजन्म झाल्यास पुढच्या गरोदरपणात स्त्रीला नव्याने लाभार्थी धरले जाते. अशा वेळी आशेने ‘केस बंद’ म्हणून भेटी थांबवू नयेत. रक्तस्राव, ताप आणि स्तनांत दूध साठून होणारा त्रास या स्त्रियांनाही होतो.

१७. आमच्या घरातील बाळंतीण दगावली. आता आरोग्य विभागाची माणसे चौकशीला येतात. काय सांगावे?

गरोदरपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी संबंधित कारणाने झालेला प्रत्येक मृत्यू मातामृत्यू म्हणून नोंदवून त्याचे अन्वेषण करणे बंधनकारक आहे. २०१८–२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ आणि देशात ९७ मातामृत्यू होते. संख्या इतकी खाली आल्यावर उरलेला प्रत्येक मृत्यू कुठे टाळता आला असता, हे त्या घरात बसूनच कळते. ही चौकशी कोणाला दोषी ठरवण्यासाठी नसते, आणि तिच्यातील माहितीवरून घरच्यांवर कारवाई होत नाही.

औषधांची नावे आठवली नाहीत तरी चालेल. वेळा मात्र आठवून सांगाव्या : त्रास किती वाजता सुरू झाला, घरात निर्णय कोणी आणि केव्हा घेतला, फोन कधी लावला, गाडी कधी आली, पहिल्या दवाखान्यातून पुढे कधी पाठवले, रक्त कधी मिळाले. घरात कार्ड असेल, तर ते समोर ठेवावे.